कोबीचं मुंडकं, कुरकुरती खुर्ची

कोबीचा गड्डा घट्ट लागतो. पानं सैल असली तर सुरी फसफसत आत जाते आणि ऐकणाऱ्याला भाजीच आठवते. जड, गार गड्डा घ्यायचा, मोठा सुरा घ्यायचा आणि एका घावात दोन तुकडे करायचे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ स्टुडिओंमध्ये माणसाचं मुंडकं असंच उडवलं जायचं. समोर मायक्रोफोन, शेजारी किंचाळणारा नट आणि रेडिओच्या दुसऱ्या टोकाला अंधारात बसलेलं अख्खं कुटुंब.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘भीती’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वाडे, मुंजे आणि अमावास्या असाव्यात. माझ्या मनात मात्र ही भाजी होती. इंग्रजी भयनाट्यांची जुनी ध्वनिमुद्रणं मी बरीच वर्षं ऐकत आले आहे. हे आवाज काढत कसे असतील, हा प्रश्न तेव्हापासूनच डोक्यात होता. या निमित्ताने तो धसाला लावायचं ठरवलं. पुन्हा ऐकलं, जुन्या मंडळींनी सांगून ठेवलेलं वाचलं, स्वयंपाकघरात थोडी नासधूस केली आणि अंधेरीतल्या एका स्टुडिओत जाऊन आजचे हात काय करतात तेही पाहिलं.

मध्यरात्रीचा कार्यक्रम

जानेवारी १९३४मध्ये शिकागोच्या डब्ल्यूईएनआर केंद्रावर विलिस कूपर नावाच्या लेखकाने ‘लाइट्स आउट’ सुरू केलं. वेळ मध्यरात्रीची. त्या वेळेला जाहिरातदार फिरकत नाहीत, म्हणून ती मोकळी होती, आणि जाहिरातदार नाही म्हणजे त्याच्या नाजूक पोटाची काळजी करणारंही कुणी नाही. कूपरने या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला. हाडं मोडणं, कातडी सोलणं, माणूस माणसाला खाणं, असं सगळं त्याच्या नाटकांत होतं. पुढच्या वर्षी कार्यक्रम एनबीसीच्या देशभरच्या जाळ्यावर गेला.

हे सगळं कानांना पटवून देणं हे ध्वनिपरिणामवाल्यांचं काम. हाडासाठी त्यांनी डुकराच्या बरगड्या आणल्या आणि त्या पान्याने मोडल्या. बारीक हाडं चुरडायची असतील तर ‘लाइफसेव्हर’ नावाच्या कडक गोळ्या माइकजवळ दातांखाली फोडल्या. विजेच्या खुर्चीवर माणूस जळतो त्यासाठी तव्यावर बेकन परतलं. नरमांसभक्षणाच्या प्रसंगाला शिजवलेल्या ओल्या नूडल्स आणि संडास तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप. हा शेवटचा आवाज मी ऐकलेला नाही आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही.

१९३६मध्ये कूपर हॉलिवूडला गेला. (पुढे ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ची पटकथा त्याने लिहिली.) त्याच्या जागी आर्च ओबोलर आला. ओबोलर जास्त चलाख, जास्त बोलका आणि कधी कधी जास्तच उपदेशक. पण आवाजातून गोष्ट सुचणं म्हणजे काय, हे त्याला कूपरइतकंच कळत होतं. ‘चिकन हार्ट’ ही त्याची १९३७ची श्रुतिका. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेलं कोंबडीचं काळीज वाढत जातं आणि शहरं गिळतं. वाचायला हास्यास्पद आहे; पण सगळी श्रुतिका एका ठोक्यावर उभी आहे. धप्-धप्, धप्-धप्, आणि प्रत्येक वेळी थोडा जवळ. पडद्यावर एवढं मोठं कोंबडीचं काळीज दाखवलं असतं तर प्रेक्षक हसले असते. रेडिओवर ते किती मोठं आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ओबोलरच्या ‘द डार्क’मध्ये एक काळं धुकं आहे. ते ज्याला शिवतं तो माणूस आतून बाहेर उलटतो. हा आवाज काय द्यायचा? अशी गोष्ट जगात घडतच नाही, त्यामुळे नक्कल करायला मूळ आवाज नाही. इफेक्टवाल्याने हातात ओला रबरी हातमोजा घातला आणि तो हळूहळू उलटा करत ओढून काढला. त्याच वेळी स्ट्रॉबेरी ठेवायची पातळ लाकडी टोपली चुरडली. ओल्या मांसाचा आवाज मोज्याचा, बरगड्यांचा आवाज टोपलीचा. १९६२ साली ओबोलरने ‘ड्रॉप डेड!’ या एलपीसाठी ही श्रुतिका पुन्हा केली, ती आज ऐकायला मिळते. साहित्य ठाऊक असूनही अंगावर काटा येतो, हे मी खात्रीने सांगते.

खरी बंदूक का चालत नाही

खरा आवाज घ्यावा आणि वाजवावा, यात अडचण काय होती? अडचणी दोन होत्या.

पहिली धोरणाची. एनबीसी आणि सीबीएस या मोठ्या जाळ्यांचा ध्वनिमुद्रित कार्यक्रमांना ठाम नकार होता. श्रोत्याला जे ऐकू येतं ते त्याच क्षणी घडत असलं पाहिजे, अशी त्यांची शान. हे धोरण ढिलं पडलं ते १९४०चं दशक सरताना. मोटारी, आगगाड्या, गर्दी यांच्या तबकड्या इफेक्टवाल्यांपाशी असायच्या आणि फिरत्या टेबलांवर त्या नेमक्या खाचेवर सुई टेकवून वाजवल्या जायच्या. पण दार, पाऊल, झटापट, खून हे सगळं हातानेच आणि जिवंत. शिवाय अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचं अंतर. त्यामुळे अनेक कार्यक्रम एकाच रात्री दोनदा करायचे. पूर्वेसाठी एक कोबी, पश्चिमेसाठी दुसरा.

दुसरी अडचण मायक्रोफोनची. खऱ्या बंदुकीचा बार माइक सोसत नसे. आवाज फाटायचा आणि बाटलीचं बूच उडाल्यासारखा काहीतरी ऐकू यायचा. म्हणून चामड्याच्या उशीवर पातळ छडी सपकन मारायची. बार म्हणून तीच खरी वाटे. तेव्हाच्या रेडिओवर फार उंच कंपनांचे आवाज पोचत नसत, त्यामुळे खऱ्या पावसाची नुसती खरखर व्हायची. कागदावर ओघळणारे दाणे मात्र पाऊस वाटायचे. आग म्हणजे चुरगळलेला सेलोफेन. बर्फातली पावलं म्हणजे पिशवीत भरलेला मक्याचा स्टार्च. घोडा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, हे आपल्याकडेही शाळेच्या गॅदरिंगपर्यंत पोचलेलं ज्ञान. विंगेत पत्रा हलवून गडगडाट काढण्याची युक्ती तर रेडिओच्या कितीतरी आधीची, रंगभूमीची.

याच माइकने एक देणगीही दिली. तेव्हाचा रिबन माइक पुढून आणि मागून ऐकायचा, बाजूंनी जवळजवळ बहिरा. नट तोंडासमोरून एक पाऊल बाजूला सरकला की खोलीतून निघून गेल्यासारखा वाटायचा. आणि अगदी जवळ येऊन कुजबुजला की आवाज खोल, घुमणारा होत थेट श्रोत्याच्या कानाशी यायचा. भयनाट्याला याहून काय हवं? भूत वीस फुटांवर ओरडलं तर माणूस पळतो. कानाशी हळूच बोललं, तर तो जागचा हलत नाही.

स्वयंपाकघरातली तपासणी

कोबी, शेवग्याच्या शेंगा, न तळलेल्या कुरडया, रबरी हातमोजे आणि फोनचा रेकॉर्डर एवढा जामानिमा घेऊन मी ओट्याशी उभी राहिले. बाहेरच्या खोलीत दिवा घालवून सोसायटीतली चार पोरं आणि एक आजी बसल्या होत्या. दार बंद.

कोबीवर सुरा चालवला. आतून एकमुखाने उत्तर आलं, “काकू, कोबी!” शेवग्याची शेंग मोडली. आजी म्हणाल्या, “आमटी करतेस का गं?” मग दुसऱ्या फेरीत पोरांतल्याच एका मोठ्या मुलीला दाराबाहेर बोलावून दोन वाक्यं दिली. ती हलक्या आवाजात म्हणाली, “हात सोड. मी कुणाला सांगणार नाही.” एक श्वास. मग दुसरं वाक्य अर्धवट, आणि त्या अर्ध्या शब्दावर मी शेंग मोडली. तीच शेंग, तोच ओटा. खोलीत कुणी काही बोललं नाही. नंतर आजी म्हणाल्या, “मनगट होतं ना?”

मनगटाचा उल्लेख कुठेच नव्हता. ‘हात सोड’ एवढंच होतं. बाकीचं आजींनी स्वतः केलं. कुरडया मात्र साफ नापास झाल्या. फार कोरडा, फार आनंदी आवाज आहे त्यांचा.

या कलेबद्दल माझं जे काही मत आहे ते इथेच पक्कं झालं. कोबी एकटा कोबीच असतो. आधी आलेली ओळ त्याला मुंडकं करते आणि नंतर सोडलेली शांतता त्या मुंडक्यावर शिक्का मारते. म्हणजे ध्वनिपरिणाम हा नाटकात चिकटवलेला आवाज नसून एक भूमिका आहे. तिचा प्रवेश, तिची संथ लय, तिचं थांबणं नटासारखंच बसवावं लागतं. इफेक्टवाला संहिता हातात घेऊन नटांच्या समोर उभा राहायचा, त्यांच्या श्वासाकडे बघायचा, ते याचसाठी.

ओरा निकल्स आणि रिकामी हवा

हे सगळ्यात आधी ज्यांना कळलं त्यांत ओरा निकल्स ही बाई होती. ती आणि तिचा नवरा आर्थर मूकपटांना थिएटरात साथ करणारे वादक. बोलपट आले, वादकांचं काम गेलं, आणि हे दोघं आपली सगळी अवजारं घेऊन रेडिओकडे वळले. पुढे सीबीएसचा ध्वनिपरिणाम विभाग तिने सांभाळला. पुरुषांच्या या धंद्यातली ती पहिली ठळक बाई. वाद्यवृंदातून आलेल्या माणसाला ताल आणि विराम शिकवावा लागत नाही, हा तिच्या कामामागचा खरा धागा असावा असं मला वाटतं.

३० ऑक्टोबर १९३८च्या रात्री, हॅलोविनच्या आदल्या दिवशी, ऑर्सन वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या, बातम्यांच्या रूपात केलेल्या श्रुतिकेला आवाज तिच्या विभागाचे होते. मंगळावरून पडलेल्या नळकांड्याचं झाकण आतून फिरत उघडतं, त्यासाठी स्वच्छतागृहात नेऊन बरणीचं झाकण फिरवलं असं सांगतात; तिथल्या फरशीवर घुमणारा पोकळ आवाज स्टुडिओत मिळेना. घटनास्थळावरच्या वार्ताहराचं काम करणारा फ्रँक रीडिक तालमीत हिंडेनबर्ग या हवाई जहाजाच्या (एअरशिपच्या) अपघाताचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकत होता. बातमीदाराचा गळा कुठे दाटतो, हे तो शिकत होता.

पण त्या प्रयोगातला सर्वांत भयंकर आवाज कुणी काढलाच नाही. वार्ताहर बोलता बोलता तुटतो आणि मग काहीच नाही. वेल्सने हात वर धरून सगळ्यांना थांबवून ठेवलं. रेडिओवर रिकामी हवा म्हणजे महापाप. यंत्र बिघडलं असंच कुणालाही वाटणार. त्या सेकंदांत श्रोत्याने जे ऐकलं ते कुठल्याही तबकडीवर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी देशभर हाहाकार माजल्याचं छापलं. अभ्यासकांच्या मते त्यात बरीच अतिशयोक्ती होती. वर्तमानपत्रांना रेडिओचा राग होताच.

दार, खुर्ची आणि चहा

हायमन ब्राउनच्या ‘इनर सँक्टम’ची (१९४१ ते १९५२) सुरुवात कुरकुरत उघडणाऱ्या दाराने होई. अमेरिकेच्या एका पिढीला ते दार आपल्या घरच्या दाराइतकं ओळखीचं होतं. खरं तर ते दार नव्हतं; गंजलेली फिरती खुर्ची होती. कुणीतरी भल्या मनाने तिला तेल घातलं आणि त्या दिवशी इफेक्टवाल्याला तोंडानेच कुरकुरावं लागलं, असा एक किस्सा या मंडळींत फिरतो.

या मालिकेच्या संहिता, स्पष्ट सांगायचं तर, बऱ्याचदा टाकाऊ आहेत. भूत म्हणून जे भासतं ते शेवटी पुतण्याचं कारस्थान निघतं. वर निवेदक रेमंड प्रेतांवर कोट्या करणार. आणि १९४५पासून प्रायोजक लिप्टन, त्यामुळे खुनाच्या शेजारी एक हसतमुख बाई येऊन चहाची चव सांगणार. तरीही ऐकावंसं वाटतं, कारण लेखक झोपी गेला असला तरी खुर्चीवाला जागा आहे. या काळातल्या लेखकांपेक्षा त्यांचे इफेक्टवालेच सरस होते, असं माझं एकूण मत आहे. अपवाद कूपर आणि ल्यूसिल फ्लेचर यांचा.

फ्लेचरची ‘सॉरी, राँग नंबर’ २५ मे १९४३ला ‘सस्पेन्स’ मालिकेत झाली. अंथरुणाला खिळलेली एक बाई, हातात टेलिफोन. लाइन चुकून जुळते आणि तिला दोन माणसं रात्री सव्वाअकराला एका बाईचा खून करायचं ठरवताना ऐकू येतात; पुलावरून गाडी जाईल तेव्हा, म्हणजे किंकाळी ऐकू येणार नाही. पुढचा जवळजवळ अर्धा तास म्हणजे डायलची घरघर, एंगेज टोन, ऑपरेटरांचे शांत, सभ्य, निरुपयोगी आवाज. ॲग्नेस मूरहेडने ही बाई इतक्या चिडचिड्या स्वभावाची केली की सुरुवातीला तिचा रागच येतो. इथे आवाज सजावटीला नाही. गाडीचा आवाज हीच गोष्ट आहे. तो लांबून येऊ लागतो तेव्हा श्रोत्याला त्याचा अर्थ आधीच ठाऊक असतो. पहिल्या प्रसारणात एका नटाची शेवटची ओळ चुकली आणि शेवट लोकांना नीट कळला नाही. ऑगस्टमध्ये सगळं पुन्हा केलं. जिवंत प्रसारणाचा हा हिशेब.

कलाकारांच्या गळ्याचे चमत्कार वेगळेच. ‘द विचेस टेल’ या १९३१च्या कार्यक्रमातली ओल्ड नॅन्सी ही खोकड चेटकीण आधी अॅडलेड फिट्झ-अॅलन ही वृद्ध अभिनेत्री करायची. ती वारल्यावर ते काम गेलं मिरियम वूल्फकडे. वय वर्षं तेरा! रेडिओवर हे खपतं.

अंधेरीतला खड्डा

या हातांचे आजचे वारस सिनेमात आहेत. पडद्यावरच्या पावलांना, कपड्यांच्या सळसळीला हाताने आवाज देणाऱ्या कामाला फोली म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलीचं ते नाव. मुंबईत असे स्टुडिओ आहेत. मी गेले तो अंधेरीत, एका गाळ्याच्या मागे. जमिनीत चौकोनी खड्डे, एकात रेती, एकात खडी, एकात लाकडी फळ्या, एकात शहाबादी फरशी. भिंतीशी चपला, बूट, खडावा यांचा ढीग. गाडीचं सुटं दार स्टँडवर लावलेलं.

तिथला मुलगा मूळचा साताऱ्याकडचा. भयपटांत कातडी फाटते तेव्हा काय वापरतोस, असं विचारल्यावर त्याने गाडी पुसायचं शॅमॉय बादलीतून काढलं आणि माइकपाशी पिळलं. पोटात ढवळलं. मी त्याला ‘द डार्क’मधला तुकडा हेडफोनवर ऐकवला. त्याने तो मागे नेऊन पुन्हा ऐकला.

“ताई, टायमिंग बघा. ओरडणं संपायच्या आधी इफेक्ट आत घेतलाय. आम्ही पिक्चर बघून मारतो, फ्रेम चुकली तर परत. ह्याने नटाच्या श्वासावर मारलंय.”

मग त्याने त्याची अडचण सांगितली. मिक्सिंगमध्ये संगीत एवढं चढवतात की त्याची निम्मी पावलं बुडतात. घाबरवायचं काम आता मोठ्या ठोक्याकडे गेलंय. सगळं दिसतंच आहे, मग ऐकायचं कशाला?

आपल्याकडे आकाशवाणीच्या श्रुतिकांनी कान घडवले ते प्रामुख्याने घरगुती गोष्टींवर. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आठवणारे लोक अजून भेटतात. भयाचा प्रांत मराठीत मुख्यतः छापील राहिला: नारायण धारपांच्या कादंबऱ्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. गंमत अशी की मतकरींची सुरुवात रेडिओवर झाली. ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका १९५५मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते विशीचेही नव्हते. त्यांच्या गूढकथांत दचकवणारी गोष्ट बहुधा नजरेआड घडते. ज्या लेखकाची पहिली एकांकिका न दिसणाऱ्या नटांनी केली, त्याच्याबाबत मला याचं नवल वाटत नाही.

कुठून सुरू करावं

ऐकायचंच ठरवलं तर ‘सॉरी, राँग नंबर’पासून सुरुवात करा, तिला वय झालेलं नाही. मग ‘एस्केप’ मालिकेतली ‘थ्री स्केलेटन की’, व्हिन्सेंट प्राइस असलेली, १९५०ची. समुद्रातलं दीपगृह, आत तीन माणसं, आणि बाहेर काचेला चिकटलेले हजारो भुकेले उंदीर. उंदरांचा किळस असणाऱ्यांनी जेवणाआधी ऐकू नये.

शेवटी ‘क्वाएट, प्लीज’मधली ‘द थिंग ऑन द फोरबल बोर्ड’. १९४८ची, विलिस कूपरचीच. मध्यरात्रीच्या बरगड्यांपासून तो किती दूर आला होता ते इथे कळतं. तेलविहिरीच्या मनोऱ्यावर, खूप उंचावर, जमिनीच्या पोटातून वर आलेलं काहीतरी बसलं आहे. निवेदक अर्नेस्ट चॅपल शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलतो, जवळजवळ कंटाळवाणं. कोबी नाही, बेकन नाही. त्या प्राण्याला आवाज आहे तो सेसिल रॉय या अभिनेत्रीच्या गळ्याचा, आणि तो रडतो. या सगळ्या परंपरेत मला सर्वांत जास्त घाबरवलं ते त्या रडण्याने.

ऐकताना फोन उपडा ठेवा, दिवा घालवा आणि दुसरं काही करू नका. ‘चिकन हार्ट’च्या १९३७च्या प्रसारणाचा शोध घेत बसू नका, त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.